हाडांना भार हवा

मोरीतली ओली फरशी, रात्री लघवीला उठल्यावरचा अंधार, जिन्याची शेवटची पायरी, पायात गुंतलेलं पायपुसणं. उतारवयात माणसं पडतात ती बहुतेक वेळा अशा ठिकाणी, स्वतःच्याच घरात. "काही नाही हो, जरा पाय घसरला," अशी सुरुवात होते आणि पुढच्याच वाक्यात कळतं की खुब्याचं हाड मोडलंय, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी 6 लाख 84 हजार माणसं पडण्यामुळे प्राणाला मुकतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि यातले 80 टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतला एक वर्षभरात दगावतो. ऑपरेशन बिघडल्यामुळे असं क्वचितच होतं. अंथरुणात पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि होते-नव्हते तेवढे स्नायू काही आठवड्यांत ओसरतात. जे वाचतात त्यांतल्या अनेकांचं एकट्याने बाजारात जाणं तिथेच थांबतं.

म्हणून घरात कुणी एकदा पडलं, किंवा शेजारचं कुणी पडल्याचं कळलं, की बंदोबस्त सुरू होतो. "आई, तू आता काही करू नकोस, एका जागी बस." पाण्याची बादली हातातून काढून घेतली जाते. वरच्या फळीवरचा डबा सून काढून देते, भाजीची पिशवी नातू आणतो, आणि जमिनीवर बसायची तर बातच नको. यात माया असते आणि ती खरी असते. पण दिवसभरात त्या बाईच्या हाडांवर आणि स्नायूंवर जो थोडाफार भार पडत होता तोही या मायेने संपतो, आणि पुढच्या वेळी तोल गेला तर सावरायला शरीरात काहीच उरत नाही. हाडं, ताकद आणि तोल या तिन्ही गोष्टी वापरल्याने टिकतात, तेही जरा कस लावून वापरल्याने. ही एक गोष्ट घराघरांत पोचली तर कितीतरी खुबे वाचतील असं मला मनापासून वाटतं.

हाड आपण पाहतो ते एक्स-रेमध्ये नाहीतर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्यात, त्यामुळे ते निर्जीव वाटतं. खरं तर मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा जवळपास दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने बांधला जातो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून बारीक खड्डे करतात, त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट येतात आणि ते खड्डे नव्या हाडाने भरतात. विशी-तिशीपर्यंत भरणी जास्त होते, मग काही वर्षं हिशेब बरोबरीत राहतो, आणि पुढे खोदकाम वरचढ ठरतं. पाळी बंद झाल्यावर बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं. खोदणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांतलं 20 टक्क्यांपर्यंत वस्तुमान जाऊ शकतं. पुरुषांचीही हाडं झिजतात, पण उशिरा आणि सावकाश. त्यामुळे सत्तरीतल्या पुरुषाच्या ठिसूळ हाडांकडे घरच्यांचंच काय, डॉक्टरांचंही लक्ष कमी जातं.

आता ही भरणी कुठे करायची हे कोण ठरवतं? बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडलं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलतं. त्यामागची यंत्रणा पुढच्या शतकात हळूहळू उलगडली. हाडाच्या कठीण भागात, सूक्ष्म कोनाड्यांत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी अडकून राहिलेल्या असतात. त्यांना जोडणाऱ्या, केसाहून कितीतरी बारीक नळ्यांत द्रव असतो. आपण उडी मारली किंवा जड काही उचललं की हाड डोळ्यांना दिसणार नाही इतकं वाकतं, नळ्यांतला द्रव सरकतो, पेशींना ते जाणवतं आणि 'इथे भर घाला' असा निरोप जातो. वर्षानुवर्षं टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या दंडाचं हाड दुसऱ्या दंडापेक्षा जाड असतं. आहार तोच, हार्मोन तेच, फरक फक्त भाराचा. याची उलट बाजू अंतराळात दिसते. वजनच नसल्याने अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातून महिन्याला एक ते दीड टक्का वस्तुमान जातं, म्हणूनच अंतराळस्थानकावर रोज दोनेक तास व्यायामाला राखून ठेवावे लागतात.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगाचा वाटतो तो 1984 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन यांनी कोंबड्यांच्या पंखातल्या एका हाडावर यंत्राने मोजून भार दिला. बाकी हालचाल बंद. दिवसाला फक्त 4 वेळा भार दिला तेव्हा हाडाची झीज थांबली. 36 वेळा दिला तेव्हा हाड वाढलं. मग 360 वेळा आणि 1800 वेळा देऊन पाहिलं, तर 36 पेक्षा जास्त काही मिळालं नाही. म्हणजे हाडाला आकडा नको असतो. थोडा, पण ठसठशीत आणि नेहमीपेक्षा वेगळा भार त्याला लगेच कळतो. तोच तो हलका भार कितीही वेळा आला तरी ते त्याची दखल घेत नाही.

इथे मॉर्निंग वॉकचा विषय काढावाच लागतो. बागेला रोज पाच फेऱ्या मारणारे आजोबा हृदयासाठी, शुगरसाठी, झोपेसाठी आणि मनासाठी फार चांगलं काम करत असतात, आणि ते त्यांनी मुळीच सोडू नये. पण सपाट रस्त्यावरचं संथ चालणं हाडाला रोजचंच असतं, नवं त्यात काही नाही. पडण्याच्या बाबतीतही तेच. सिडनीच्या कॅथरिन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 2019 साली साठीपुढच्या 23 हजारांहून अधिक लोकांवरच्या 108 चाचण्या एकत्र तपासल्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी घटलं. तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम एकत्र केले तिथे घट 34 टक्क्यांच्या आसपास होती. नुसत्या चालण्याचा फायदा मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. "आम्ही रोज चालतो, आम्हाला आणखी काय करायचंय?" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

मग करायचं काय? ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात बेलिंडा बेक यांच्या गटाने पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायकांना घेऊन एक चाचणी केली. वय सरासरी पासष्टच्या आसपास. त्यांतल्या निम्म्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली चांगली जड वजनं उचलली: जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठका, डोक्यावर वजन नेणं, आणि बारला लोंबकळून खाली धपकन उतरणं. पहिला महिना फक्त पद्धत शिकण्यात गेला. उरलेल्या बायकांनी घरी हलका व्यायाम केला. आठ महिन्यांनी वजनं उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 2.9 टक्क्यांनी वाढली होती, तर हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्क्यांनी घटली होती. दुखापत म्हणावी तर एकीच्या कमरेत किरकोळ लचक भरली, तेवढीच. पासष्टीतली बाई वजनं उचलतेय हे चित्र आपल्याकडे अजून विचित्र वाटतं. ते बदलायला हवं. अर्थात हे वाचून उद्या कुणी एकट्याने जिममध्ये जाऊन बार उचलू नये. आधी डॉक्टरांना विचारून हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा स्कॅन, करून घ्यावा. त्यातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल, किंवा मणका आधी मोडलेला असेल, तर फिजिओथेरपिस्टशिवाय वजनाला हात लावू नये.

घरी सुरुवात करायला एक खुर्ची पुरते. हात नसलेली, न हलणारी, भिंतीला टेकवलेली. पुढच्या कडेशी बसा, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, हात छातीवर घडी घालून ठेवा. छाती पुढे न्या, टाचा जमिनीत रोवा आणि जोरात उभे राहा. मग मनात चार आकडे मोजत सावकाश खाली बसा. शेवटच्या वितीत अंग सोडून द्यायचा मोह होतो, पण नेमकी तीच वीत मांडीच्या स्नायूंना कामाला लावते. अर्ध्या मिनिटात असं किती वेळा उठता येतं, हीच एक चाचणीही आहे. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेच्या तक्त्यानुसार 65 ते 69 वयातल्या बाईला 11 पेक्षा आणि पुरुषाला 12 पेक्षा कमी वेळा उठता आलं तर पडण्याचा धोका जास्त समजतात. दहा-बारा वेळा उठणं सोपं झालं की दोन्ही हातांत एक-एक लिटर पाण्याची बाटली घ्या, पुढे पाच किलोची पिठाची पिशवी छातीशी धरा. शेवटच्या दोन खेपा कठीण वाटल्या पाहिजेत. वाटत नसतील तर वजन वाढवायची वेळ झाली.

जोरात उठा असं मुद्दाम म्हटलं. वय वाढतं तसे झटपट आकुंचन पावणारे स्नायूतंतू आधी झडतात. पाय अडखळल्यावर दुसरा पाय पुढे टाकून सावरायला एका सेकंदाचाही पुरता अवधी मिळत नाही, आणि तिथे ताकदीइतकाच वेग लागतो. शिकागोत क्लाइव्ह पाय यांच्या गटाने याची थेट तालीम करून पाहिली. पासष्टीपुढच्या लोकांना वरून पट्ट्याने बांधलं, म्हणजे पडले तरी लागणार नाही, आणि चालताना त्यांच्या पायाखालची पट्टी अचानक सरकवली. एकाच बैठकीत 24 वेळा. त्यानंतरच्या वर्षात त्यांच्यातलं पडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. सावरणंही शरीराला शिकवता येतं, आणि ते बरेच महिने लक्षात राहतं.

तोल आपण तीन ठिकाणांहून सांभाळतो: डोळे, आतला कान आणि तळपायांतली जाणीव. महाराष्ट्रात घरोघरी मधुमेह असल्याने तिसरी बाजू फार लवकर लंगडी होते. पावलं बधिर झालेला माणूस न कळत डोळ्यांच्या भरवशावर चालतो आणि दिवे गेले की पडतो. म्हणून तोलाचा सराव डोळे उघडे आणि आधार हाताशी असताना करायचा. स्वयंपाकघरातला ओटा यासाठी उत्तम. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभं राहा, मग दुसऱ्या. जमू लागलं की एकच बोट ठेवा, मग हात नुसता वर धरा. ओट्याच्या कडेने टाचेला चवडा लावत चाला, परतताना उलटं चाला, आडवं चाला. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहा. सोपं वाटायला लागलं की त्याचा उपयोग कमी होतो, थोडं डगमगायला हवं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात जॉन कॅम्बेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी घरच्या घरी करायचा असाच कार्यक्रम आखला. घोट्याला बांधायची वजनं, तोलाचे प्रकार आणि चालणं, बस. ऐंशी आणि त्यापुढच्या बायकांवर त्यांनी तो तपासला, निष्कर्ष 1997 साली प्रसिद्ध झाले, आणि व्यायाम करणाऱ्या बायकांचं पडणं लक्षणीय घटलं.

आपल्याकडे जमिनीवर बसणं-उठणं हा न ठरवता होणारा व्यायाम होता. पाटावर जेवायला बसा, उठा. देवासमोर बसा, उठा. विळीवर भाजी चिरायला बसा, उठा. दिवसातून दहा-पंधरा वेळा सगळं शरीर जमिनीवरून वर उचललं जाई. डायनिंग टेबल आणि कमोड आले हे चांगलंच झालं, गुडघे दुखणाऱ्यांना त्याने दिलासा मिळाला. जुन्या बायकांची हाडं या कष्टांनी पोलादी झाली होती असंही नाही. अपुरं खाणं आणि पाठोपाठची बाळंतपणं त्यांनाही पोखरत होती. पण ती उठबस गेली आणि तिच्या जागी काही आलं नाही, हे नुकसान खरं आहे. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी दिवसातून एकदा तरी जमिनीवर बसावं.

उठायची एक सुरक्षित पद्धत प्रत्येकाला यायला हवी, कारण पडल्यावर फार वेळ जमिनीवर पडून राहणंही जिवावर बेततं. आधी घाई न करता कुठे मोडल्यासारखं दुखतंय का ते पाहायचं. खुब्यात किंवा मानेत तीव्र कळ असेल तर हलायचं नाही, हाक मारायची. तसं नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर येत हात आणि गुडघ्यांवर रांगत्या स्थितीत यायचं, आणि तसंच भक्कम खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जायचं. दोन्ही तळहात बैठकीवर टेकवायचे, ताकदीच्या पायाचं पाऊल पुढे रोवायचं, जोर लावून कूस वळवत खुर्चीत बसायचं आणि दोन मिनिटं बसूनच राहायचं. हे सतरंजीवर, घरचं कुणी शेजारी असताना, आधीच करून ठेवावं.

चाळिशीच्या आतबाहेरच्या बायकांसाठी मंगळागौरीच्या खेळांहून चांगला हाडांचा व्यायाम शोधून सापडणार नाही. झिम्म्यातल्या उड्या, पाय आपटणं, फुगडीतलं गरगर फिरताना पायांवर येणारं वजन, हे सगळं रोजच्या चालण्याहून वेगळ्या दिशांनी आणि वेगळ्या वेगाने हाडावर येतं, आणि त्या कोंबड्यांच्या हाडाला जे हवं होतं ते नेमकं हेच. ते श्रावणापुरतंच का असावं? सत्तरीत, हाडं विरळ असताना, फुगडी मात्र नको.

योगासनांबद्दल एक सावधगिरी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये 1984 साली मणके ठिसूळ झालेल्या 59 बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. पाठ मागे नेणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी 16 टक्के बायकांचे मणके नव्याने दबले, तर पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांपैकी 89 टक्के बायकांचे. अभ्यास लहान आहे, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हाडं विरळ असतील तर पश्चिमोत्तानासन, हलासन आणि पोटासाठी पाठ गोल करून उठण्याचे प्रकार सोडावेत. पालथं झोपून छाती थोडी उचलणं, भिंतीला पाठ लावून वृक्षासन, खुर्ची धरून वीरभद्रासन चालू ठेवावं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, भिंत, पट्टे आणि ठोकळे वापरून आसनं शिकवण्याची जी रीत घडवली, ती या वयासाठी फार उपकारक आहे. बादली उचलतानाही तोच नियम: पाठ गोल करून वाकू नये, खुब्यातून वाकावं, गुडघे दुमडावे, बादली अंगाजवळ घ्यावी.

बाकीच्या गोष्टी ठाऊक असतात, पण राहून जातात. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठल्यावर भोवळ येते का हे डॉक्टरांना सांगा. जिना उतरताना बायफोकल चष्म्याच्या खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते, तेव्हा मान खाली घालून वरच्या काचेतून पाहा. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका. मोरीत भिंतीला दांडी बसवा. टॉवेलच्या दांडीवर माणसाचं वजन पेलत नाही. व्यायामाने हाड बांधायचं तर सामानही लागतं. दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम, पाळी गेलेल्या बाईला त्याहून थोडं जास्त. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, बाकी दूध, दही, तीळ. ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आहे, ती रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावी.

आता वय झालं, आता काय ताकद येणार, असं वाटणाऱ्यांसाठी बोस्टनचा एक अभ्यास. मारिया फियातारोने यांनी 1990 साली तो प्रसिद्ध केला. वृद्धाश्रमात राहणारी, सरासरी नव्वद वर्षांची, अशक्त झालेली दहा माणसं त्यांनी घेतली आणि आठ आठवडे पायांसाठी भरपूर वजनाचा व्यायाम दिला. मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. मग व्यायाम बंद केला, आणि चारच आठवड्यांत कमावलेल्या ताकदीला ओहोटी लागली. त्यामुळे हे महिनाभराच्या उपचारासारखं घेऊन चालत नाही. ज्येष्ठ नागरिक संघांच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन दिवस, ठरल्या वेळी, फिजिओथेरपिस्टला बोलावून असे वर्ग भरवता येतील. खुर्च्या तिथे आधीपासून असतातच, वाळू भरलेल्या पिशव्या घरी शिवता येतात, आणि एकाला दुसऱ्याची सोबत असली की दांडीही कमी पडते.